पेशवे दफ्तर की कंपनीचं दफ्तर?

अभिलेखपाल, म्हणजे जुने कागद जपणारा, व्हायचंय, तर नोकरी सरकारी पुरालेखागारात करावी की एखाद्या उद्योगसमूहाच्या संग्रहात?

पुण्याच्या पुरालेखागाराची इमारत 1891 सालची. आत पेशवे दफ्तर, पेशव्यांच्या कारभाराचे कागद. कागद रुमालांत बांधलेले, म्हणजे कापडी गाठोड्यांत. रुमाल सोडला की समोर मोडी लिपी. आधी ओळीवर आडवी रेघ ओढलेली, मग तिला लटकवत, लेखणी फारशी न उचलता लिहिलेली अक्षरं. कुठे शब्द संपला हे अर्थावरूनच कळतं. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 च्या दशकात या दफ्तरातून निवडक कागदांचे 45 खंड छापले, तरी न वाचलेलं अफाट उरलंय. इथे मोडी येणं हेच खरं भांडवल. अडचण एकच, पण मोठी: भरती सरकारी गतीने होते, जाहिरातीची वाट पाहावी लागते.

कंपनीचा संग्रह वेगळा. टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज पुण्यातच, स्थापना 1991 ची. गोदरेजचं विक्रोळीला, 2006 पासून. पत्रव्यवहार, फोटो, जुन्या जाहिराती, निवृत्त कामगारांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती. डिजिटायझेशन, कॅटलॉग, प्रदर्शन असं सगळं शिकायला मिळतं. मात्र काय खुलं करायचं, हे शेवटी मालक ठरवतो. सरकारी कागदांसाठी 2005 च्या माहिती अधिकार कायद्यामुळे निदान दाद मागता येते, आणि मला हा फरक पगारापेक्षा मोठा वाटतो.

मोडीची गोडी असेल तर बेधडक दफ्तर निवडा. नसेल, तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा डिप्लोमा करून कंपनीकडे वळा.