निदान न लागलेला पोटाचा आजार : फिजिशियन, सर्जन, गॅस्ट्रो की थेट हैदराबाद?

पोटाची तक्रार वर्षानुवर्षे चालू आहे, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता, सोनोग्राफीचा अहवाल स्वच्छ आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांचा आता उपयोग होत नाही, अशा टप्प्यावर आलेल्या मराठवाड्यातील रुग्णापुढे साधारणपणे चार पर्याय असतात. जिल्ह्याच्या ठिकाणचे एम.डी. फिजिशियन, दुर्बिणीची तपासणी करणारे सर्जन, छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर येथे बसणारे डी.एम. गॅस्ट्रोएन्टरोलॉजिस्ट, आणि हैदराबाद, पुणे किंवा मुंबईतील मोठे रुग्णालय. मी परभणीचा असून या चारही ठिकाणी उपचार घेतले आहेत. त्या अनुभवावरून जे वाटते ते येथे मांडत आहे. प्रत्येकाचा आजार वेगळा असल्यामुळे ते सर्वांना लागू पडेलच असे नाही.

शौचावाटे रक्त जात असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, वारंवार ताप येत असेल, रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागत असेल किंवा हिमोग्लोबिन विनाकारण घसरत असेल, तर मात्र तुलना करत बसू नये आणि लगेच गॅस्ट्रोएन्टरोलॉजिस्टला दाखवावे.

फिजिशियनकडे जाण्याला आपल्याकडे अनेकजण कमी लेखतात, ते मला पटत नाही. थायरॉइडचा बिघाड, मधुमेह, मेटफॉर्मिनसारख्या गोळीमुळे होणारे जुलाब, जिआर्डियासारखा जंतुसंसर्ग अशा कितीतरी गोष्टी पोटाच्या आजारासारख्या दिसतात आणि त्या शोधायला संपूर्ण शरीराचा विचार करणारा डॉक्टरच लागतो. माझे हिमोग्लोबिन सावकाश उतरत असल्याचे प्रथम लक्षात आणून दिले ते फिजिशियननेच. अडचण येते ती वेगळ्या ठिकाणी. निदान होण्यापूर्वीच ‘गहू बंद करून ज्वारीची भाकरी खाऊन पाहा’ असा सल्ला आपल्या भागात सहज दिला जातो, आणि भाकरी घरात असतेच म्हणून तो सहज पाळलाही जातो. सिलिअ‍ॅक आजारासाठीची (या आजारात गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते) टीटीजी ही रक्ततपासणी मात्र रुग्ण नियमित गहू खात असतानाच भरवशाची असते; काही महिने गहू सोडल्यावर ती केली तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. त्यामुळे असा सल्ला मिळाल्यास ही तपासणी आधी करून घ्यावी, एवढे नम्रपणे सुचवतो.

सर्जनविषयी थोडक्यात सांगता येईल. तालुक्याच्या गावातही दुर्बीण त्यांच्याकडे मिळते आणि तातडीच्या प्रसंगी तेच उपयोगी पडतात. परंतु सोनोग्राफीत पित्ताशयातील खडे दिसले म्हणून वर्षानुवर्षांच्या गॅसचे आणि पोटफुगीचे कारण तेच, असा निष्कर्ष निघत असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी दुसरे मत अवश्य घ्यावे, कारण पित्ताशय काढल्यानंतरही या तक्रारी पुष्कळदा तशाच राहतात. पाटीवर नुसते ‘पोटविकार तज्ज्ञ’ लिहिलेले असेल तर पदवी पाहावी. डी.एम. म्हणजे औषधोपचार आणि दुर्बीण पाहणारा गॅस्ट्रो, तर एम.सीएच. म्हणजे पोटाचा सर्जन. निदान न झालेल्या रुग्णाने प्रथम डी.एम. किंवा त्याच विषयातील डी.एन.बी. पदवीधारकाकडे जावे, असे मला वाटते.

खरी तुलना आहे ती जवळच्या गॅस्ट्रोमध्ये आणि महानगरातील मोठ्या रुग्णालयात. परभणी आणि नांदेडकडच्या माणसाला हैदराबाद परके वाटत नाही; रेल्वेत बसले की पुढची सोय ठाऊक असलेला कोणीतरी ओळखीचा निघतोच. तिथली यंत्रसामग्री आणि अनुभव यांबद्दल मला पूर्ण आदर आहे. लहान आतड्याचा मधला भाग पाहणारी कॅप्सूल एन्डोस्कोपी, त्याच भागातून तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) काढणारी एन्टरोस्कोपी, अन्ननलिकेचा दाब मोजणारी मॅनोमेट्री आणि आतड्याच्या तुकड्यांचेच काम वर्षानुवर्षे करणारे पॅथॉलॉजिस्ट हे सर्व एका छताखाली जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणे अवघड आहे.

तरीही मी मोठे रुग्णालय सोडले, आणि त्याचे कारण खर्च किंवा प्रवास हे नव्हते. महानगरातील ज्या रुग्णालयात माझे उपचार चालू होते, तिथे प्रत्येक भेटीत समोर नवा डॉक्टर असे. नावाजलेले डॉक्टर पहिल्या भेटीत थोडा वेळ भेटले. त्यानंतर त्यांच्या हाताखालचे, दर वेळी वेगळे. प्रत्येकजण सौजन्याने बोलत असे, आणि प्रत्येकजण पहिल्यापासून विचारत असे की त्रास केव्हा सुरू झाला, कुठे दुखते, आतापर्यंत काय औषधे घेतली. माझी जाड फाईल टेबलावर असे, पण ती वाचायला वेळ कोणालाच नसे. एकाने सुरू केलेली गोळी दुसऱ्याने बंद केली आणि तिसऱ्याने ती का घेत नाही असे विचारले. दुखणे सांगण्याचा मला कंटाळा नव्हता. परंतु मागच्या वेळेपेक्षा आज मी बरा आहे की वाईट, हे स्वतः पाहून ठरवू शकेल असा एकही माणूस त्या इमारतीत नव्हता, ही गोष्ट मला फार लागली.

लांबलेल्या पोटाच्या आजारात ही उणीव केवळ गैरसोयीची राहत नाही. आपल्या देशात आतड्याचा क्षय आणि क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणि जखमा राहणारा आजार) हे दोन आजार एकमेकांसारखे दिसतात, दोन्ही बहुधा लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्याच भागात आढळतात, आणि तुकड्याची तपासणीही कित्येकदा ठाम उत्तर देत नाही. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले आणि प्रत्यक्षात क्षय असला तर तो बळावण्याचा धोका असतो. म्हणून शंका असेल तेव्हा आधी क्षयाची औषधे सुरू करून साधारण दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकतात आणि जखमा भरत आहेत का ते पाहतात. नुसते बरे वाटण्यावर विसंबत नाहीत, कारण क्रोन्सच्या रुग्णालाही त्या औषधांनी काही काळ हलके वाटू शकते. माझ्या बाबतीत संभाजीनगरच्या गॅस्ट्रोंनी नेमके हेच केले. पहिल्या वेळच्या जखमा त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या, दुसऱ्या वेळीही दुर्बीण त्यांच्याच हातात होती, आणि जखमा जशाच्या तशा असल्याचे पाहून त्यांनी क्रोन्सकडे मोर्चा वळवला. दोन वेळा दोन वेगळ्या डॉक्टरांनी पाहून लिहिलेल्या अहवालांतून हे उत्तर इतक्या खात्रीने मिळाले असते, असे मला वाटत नाही.

याचा अर्थ जवळच्या गॅस्ट्रोकडे सर्व आलबेल असते असा नाही. नंबर लागायला तासन्‌तास जातात आणि आत गेल्यावर वेळ थोडाच मिळतो. म्हणून तक्रारी, औषधांची नावे आणि वजनातील बदल एका कागदावर तारीखवार लिहून न्यावे. दुर्बिणीपूर्वी दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: मोठ्या आतड्याची तपासणी करताना लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत जाणार का, आणि सर्व काही ठीक दिसले तरी तुकडे घेणार का. चिवट पाण्यासारख्या जुलाबांच्या काही आजारांत आतडे डोळ्यांना अगदी निरोगी दिसते आणि दोष सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतो. आतड्याची सूज दाखवणारी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी सुचवली गेली, तर वेदनाशामक गोळ्या चालू असल्यास ते आधी सांगावे, कारण त्यांनीही हा आकडा वाढतो. सर्व तपासण्यांनंतर डॉक्टरांनी ‘आयबीएस’ (तपासण्यांत दोष न दिसता पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी राहणारा आजार) असे निदान केले, तर ते टाळाटाळीचे उत्तर मानू नये. त्याला ठरलेले निकष आहेत, आणि ते आपल्याला कसे लागू पडतात हे समजावून सांगणारा डॉक्टर मिळाला तर तो सोडू नये.

पैशांची अडचण असेल त्यांच्यासाठी संभाजीनगरचे घाटी हे शासकीय रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेड आणि लातूरची शासकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या मेडिसिन विभागातून सुरुवात करणे केव्हाही योग्यच, फक्त पोटविकारांची वेगळी ओपीडी कोणत्या वारी असते याची आधी चौकशी करावी.

महानगरात जाऊच नये असे माझे म्हणणे नाही. जवळच्या गॅस्ट्रोंनीच कॅप्सूल किंवा एन्टरोस्कोपीची गरज सांगितली, किंवा तुकड्याच्या अहवालाबद्दल शंका राहिली, तर त्यांची चिठ्ठी आणि एकच ठरलेला प्रश्न घेऊन अवश्य जावे. जाताना सीटी स्कॅनचा नुसता अहवाल न नेता त्याची सीडी न्यावी, आणि लॅबकडून तुकड्याच्या स्लाइड व मेणातील ब्लॉक मागून घ्यावेत, म्हणजे तेच तुकडे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात आणि पुन्हा दुर्बीण टाळता येते. उत्तर मिळाल्यावर मात्र फाईल परत आपल्या डॉक्टरांकडेच यावी.

अजूनही निवड होत नसेल, तर ज्या दोन ठिकाणांविषयी मनात घोळ आहे तिथे फोन करून कंपाउंडरला एवढेच विचारावे की दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीत सर स्वतः पाहतात की दुसरे कोणी. जिथे ‘सर स्वतःच पाहतात’ असे उत्तर मिळेल, तिथला नंबर मी आधी लावला असता, मग तो दवाखाना लहान का असेना.