रिव्हरवर छोटा रेझ की थेट ऑल-इन?

एका मित्राला पडलेला पेच: पोकरमधला नो-लिमिट होल्डेम (बेटला वरची मर्यादा नसलेला प्रकार), शेवटचं पान, म्हणजे रिव्हर, उघडलंय, हात चांगला आहे, समोरच्याने बेट केली, म्हणजे चिप्स लावल्या. किमान रेझ करावा, म्हणजे बेट कमीत कमी वाढवावी, की सगळं पुढे सरकवावं, म्हणजे ऑल-इन करावा?

समजा पॉट (मध्ये जमलेली रक्कम) १०००, त्याची बेट ५००, दोघांकडेही ३००० पर्यंत जाण्याइतक्या चिप्स. तुम्ही १००० केले, तर आणखी ५०० घालून त्याला २५०० जिंकता येतात. सहांतून एकदा जिंकला तरी त्याला कॉल (तेवढी भर घालून हातात टिकणं) परवडतो, म्हणून एका जोडीवालाही कुरकुरत कॉल करतो. तुम्ही ३००० चा ऑल-इन केलात, तर त्याला सुमारे ३६ टक्के संधी हवी. बरेच जण तिथेच पानं टाकतात. तरीही कमकुवत हाताने पाचांतून एकदा कॉल आला की छोट्या रेझच्या पाच कॉलइतके मिळतात. हे गणित कुणी करतच नाही!

ब्लफ, म्हणजे कमकुवत हातावर घाबरवणं? कागदावर छोटा रेझ स्वस्त, ४० टक्के वेळा समोरच्याने पानं टाकली की पुरे. ऑल-इनला ६७ टक्के. पण इतका स्वस्त कॉल सोडतो कोण?

छोट्या रेझवर उलटा ऑल-इन येऊ शकतो, तेव्हा मधल्या हाताची पंचाईत होते.

समोरचा भित्रा, सरळ खेळणारा असेल आणि हात बरा पण अजिंक्य नसेल, तर छोटा रेझ करा. उलटा रेझ आला की पानं टाका. कॉल करत सुटणाऱ्यासमोर फुल हाउससारखा (एकाच किमतीची तीन पानं आणि एक जोडी) भक्कम हात असेल तर ऑल-इनच.