फॅमिलीसर्चवर घराण्याची वंशावळ : वरूड तालुक्यातून काही महिन्यांचा अनुभव

दिवाळीत फॅमिलीसर्च मोबाईलवर घेतलं, आता मृग लागला. अ‍ॅप फुकट आहे. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या एका चर्चची संस्था ते चालवते. त्याआधी दुसरं एक अ‍ॅप वापरून पाहिलं, पण ठरावीक नावं भरून झाली की ते पैसे मागायचं, म्हणून सोडलं.

वंशावळ आमच्याकडे घरोघरी असते, कारण जात पडताळणीला ती लागतेच. ओबीसी असाल तर 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा पाहिजे. दिरांच्या मुलीच्या वेळी जमवलेली फाईल कपाटात होती : वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल. सुरुवात तिथूनच केली. पण त्या वंशावळीत बापाखाली पोरगा आणि पोराखाली नातू, एवढंच. लेकी नाहीत, सुनांची माहेरं नाहीत. पडताळणीला तेवढं पुरतं. तुटलेले नातेवाईक मात्र लेकींच्याच वाटेनं सापडतात, हे मला या अ‍ॅपमुळे पक्कं कळलं. इथे प्रत्येक बाईच्या नावावर तिच्या आईवडिलांची जागा रिकामी दिसते, आणि ती रिकामी जागा स्वस्थ बसू देत नाही.

कोतवाल बुकाची नक्कल पुन्हा नीट वाचली. आजेसासऱ्यांच्या जन्माची नोंद आहे, पण नाव नाही. तारीख, बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं ‘मुलगा’. आईचा तर पत्ताच नाही. त्याच बापाच्या नावावर काही वर्षं आधीची एक ‘मुलगी’ आहे. ही कोण, हे कागद सांगत नाही. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विचारलं. ते म्हणाले, “माही आत्या व्हय ते. मुलताईकडं देली व्हती. आबाजी गेले अन् मंग येणंजाणंच तुटलं.” नावही त्यांनीच सांगितलं.

वरूडहून मुलताई काही लांब नाही. दोन्ही भाग जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातले. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा आपण मुंबई राज्यात आलो, मुलताईचा बैतूल जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी आजही होतात, पण शाळा, कागद, कचेऱ्या वेगळ्या झाल्या आणि जुनी नाती मागे पडली.

आत्याचं नाव, बापाचं नाव आणि आमचं गाव एवढं भरलं. काही आठवड्यांनी अ‍ॅपनं तिच्याशी जुळणारी एक नोंद दाखवली. तिच्याच पणतवानं भरलेली होती. त्यात माहेरचं गाव आमचंच, भावाचं नावही तेच. अ‍ॅपमधूनच त्याला निरोप पाठवला. पुढे फोन झाला. तो अर्धा हिंदीत, अर्धा आपल्या बोलीत बोलत होता. मामाजींनी पहिला प्रश्न विचारला, “आत्याचा फोटो आहे का रे?” होता. वयाच्या ऐंशीत त्यांना तिचा चेहरा पुन्हा पाहायला मिळाला, याचं मोल मला सांगता येत नाही.

आता वापरणाऱ्यांसाठी. जिवंत माणसांची माहिती बाकीच्यांना दिसत नाही, पण वारलेल्यांचं झाड सगळ्यांचं सामायिक असतं आणि त्यात कोणीही बदल करू शकतं. म्हणून प्रत्येक नोंदीला नकलेचा फोटो जोडाच. आडनाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलं जातं, चारही तऱ्हांनी शोधा. हरिद्वारच्या पंड्यांच्या, यात्रेकरूंच्या वंशावळी लिहिलेल्या वह्या अ‍ॅपवर आहेत, पण आमच्यासारख्या शेतकरी घरांना तहसीलच्या अभिलेख कक्षाशिवाय इलाज नाही. काही पानं मोडीत निघतात, तेव्हा वाचणारा जाणकार गाठावा लागतो. आणि कागदाच्याही आधी घरातल्या म्हाताऱ्या बायांजवळ बसा. कोण कुठे दिली, हे त्यांना तोंडपाठ असतं.

सासरची बाजू बरीच भरली. माझ्या माहेरच्या पणजीसाठी आर्वी तहसीलला नकलेचा अर्ज दिला आहे.