ॲपवर ६२ टक्के, फ्रिज बंद

केळशीच्या किनाऱ्याला, सुरूच्या बनात उभ्या कॅम्परव्हॅनमध्ये पहाटे चारला पंखा थांबला आणि उकाड्याने जाग आली. फ्रिजचा दिवाही गेलेला. मोबाइलवर बॅटरीचं ॲप उघडलं तर शिल्लक ६२ टक्के! आदल्या संध्याकाळी हर्णैच्या लिलावातून आणलेली सुरमई सकाळी कावळ्यांना घातली.

व्हॅनसाठी २०० अँपिअर-अवर क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मी पुण्याजवळच्या एका फिटिंगवाल्याकडून ४१ हजारांना बसवून घेतली होती. इतरांच्या भावापेक्षा बरीच स्वस्त. "बिल नको असेल तर आणखी पाच कमी करतो," म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. वर हुशारी केल्याचा आनंद.

केळशीहूनच त्याला फोन लावला. "सर, सुरूच्या सावलीत सोलर पॅनल काय चार्ज करणार? अजून एक टाकून घ्या." पटलं, कारण त्यात तथ्य होतं. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी करंट धाडकन पडतो. मग '४०० वॅट'चं आणखी एक पॅनल, ११ हजार. दुसऱ्यांदा फसलो तो असा, स्वतः फोन करून.

पुढच्या सहलीतही तेच झालं तेव्हा टेप घेऊन टपावर चढलो. कडक उन्हात एका चौरस मीटरवर साधारण हजार वॅट ऊन पडतं आणि चांगलं पॅनल त्यातलं वीस-बावीस टक्के पकडतं. म्हणजे ४०० वॅटला जवळजवळ दोन चौरस मीटर जागा हवीच. माझं नवं पॅनल सव्वा मीटर बाय अर्धा मीटर. मागचा स्टिकर काहीही म्हणो. भर दुपारी क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) साडेआठ अँपिअर दिसले, शंभर-सव्वाशे वॅट.

मग बॅटरी. पूर्ण चार्ज करून, पॅनल सोडवून, इन्व्हर्टरवर १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला. १२.८ व्होल्ट गुणिले २०० म्हणजे २५६० वॅट-अवर. इन्व्हर्टरची खादाडी धरूनही बल्ब वीस-बावीस तास चालायला हवा. साडेआठ तासांत अंधार. ॲपवर पुन्हा तेच, बासष्ट.

कारण कळलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. ॲपमधला २०० हा आकडा बॅटरी मोजून सांगत नाही, तो हाताने टाइप करायचा असतो. त्यातून खर्च वजा करून टक्के दाखवले जातात. व्होल्टमीटरही पकडून देत नाही, कारण ही बॅटरी भरलेली असो की पाव उरलेली, व्होल्टेज तेराच्या आसपासच रेंगाळतं. जुन्या लेड-ॲसिडमध्ये निदान काटा उतरताना दिसायचा.

शेवटी भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली: १३ किलो. खरी दोनशेची वीस-पंचवीस किलो भरते. झाकण उघडलं (घरी करू नका, सेलची टोकं चुकून जोडली गेली तर पाना वितळतो), तर आत शंभर अँपिअर-अवरचे चार वापरलेले सेल, एकापुढे एक जोडलेले (त्याने व्होल्ट वाढतात, अँपिअर-अवर शंभरच राहतात), त्यांच्यावरचे क्यूआर कोड खरवडलेले आणि उरलेल्या जागेत थर्माकोल.

फोटो पाठवले. "तुम्ही सील तोडलंत, वॉरंटी संपली," एवढंच उत्तर. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. पहिला प्रश्न अर्थातच बिलाचा. माझ्याकडे वहीच्या पानावर लिहिलेली 'पाच वर्षं गॅरंटी' आणि अर्ध्या रकमेचा यूपीआयचा स्क्रीनशॉट.

नवी बॅटरी घ्यायला गेलो ते सामानाचा लटकता काटा खिशात घालून. पोरगेलासा दुकानदार आधी बघतच राहिला, मग म्हणाला, "काका, बल्ब पण आणलाय का?" आणला होता.

त्या फिटिंगवाल्याने काम झालं त्या दिवशी आमच्या गाडीची रील काढली होती. ती अजून आहे. त्यात बायको मोबाइलवरचे शंभर टक्के कॅमेऱ्याला दाखवून हसतेय.