डॅम्पर बरा, क्लॅम्प भंगार: जीपला स्टेअरिंग डॅम्पर लावल्यानंतरचे काही महिने

स्टेअरिंग डॅम्पर म्हणजे स्टेअरिंगला बसणारे झटके मुरवणारा आडवा शॉकअप. त्याला दहापैकी सात. त्याच्यासोबत खोक्यातून जो क्लॅम्प, म्हणजे त्याला टायरॉडवर धरून ठेवणारी पकड, येते त्याला शून्य, तेही दयेपोटी.

गाडी जुनी फोर बाय फोर जीप. पुढं-मागं पाटे (लीफ स्प्रिंग), पुढं सॉलिड हाऊसिंग (दोन्ही चाकं एकाच अखंड धुरीवर), पॉवर स्टेअरिंग नाही. कंपनी कोणती ते लिहीत नाही. शेणखतापासून सरकीच्या पोत्यांपर्यंत सगळं वाहून म्हातारी झालेल्या गाडीचा दोष कंपनीवर टाकण्यात अर्थ नाही. डॅम्पर विकणाऱ्याचंही नाव लिहीत नाही, कारण त्याचं-माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

दुखणं जुनंच. बीडहून संभाजीनगरकडं निघालं की शहागडला गोदावरीचा पूल लागतो. साठच्या पुढं स्पीड असला आणि पुलाच्या जॉइंटवर एक चाक जरा वाकडं आदळलं, की स्टेअरिंग असं फडफडायचं की चाळीसच्या खाली आल्याशिवाय थांबायचं नाव नाही. मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या वेगळ्या. त्यात मी टायर रुंद टाकलेले, रिमही बाहेर काढलेल्या. अशा चाकाला रस्त्याचा धक्का जास्त लांबीनं स्टेअरिंगवर मारता येतो, त्यामुळं फडफडीला आयतंच बळ.

आमचा मिस्तरी, ज्याला अख्खी गेवराई मामू म्हणते, त्याच्यापुढं डॅम्परचं नाव काढलं की तो पाना खाली ठेवतो. "पाटील, पैले किंगपिन देखो, टायरॉड देखो, फिर खर्चा करो." किंगपिन म्हणजे ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं ती, आणि टायरॉड म्हणजे दोन्ही चाकं एकत्र वळवणारा आडवा दांडा. पाहिलं. पुढची चाकं जॅकवर घेऊन वर-खाली हलवली तर किंगपिनच्या बेअरिंगमध्ये खेळ. डाव्या टायरॉड एंडचं रबर फाटून गोळी सैल झालेली. पाट्यांचे बुश लंबगोल. ते सगळं बदललं, शिम (पातळ चकत्या) जुळवून किंगपिन कसले, बॅलन्सिंग केलं, टो-इन (पुढच्या चाकांची आतली किंचित तिरपाई) लावलं. डॅम्पर तोवर येऊन पडलाच होता, म्हणून त्याच कामात तोही चढला. मामूनं तो चढवताना केलेला चेहरा माझ्याकडं लेखी नाही, नाहीतर इथं डकवला असता.

घेताना एवढं पाहिलं होतं की गॅसचा नको. हे दुकानात उभ्या उभ्या कळतं: रॉड पूर्ण आत दाबा आणि सोडा. आपोआप बाहेर आला तर गॅसचा, जिथं आहे तिथंच थांबला तर तेलाचा. गॅसचा प्रेशर रॉडला कायम बाहेर ढकलत राहतो, आणि तो रॉड टायरॉडला जोडलेला असल्यामुळं गाडी एका बाजूला किंचित ओढते. अंबडच्या मित्रानं गॅसचा लावलाय. तो म्हणतो जाणवत नाही. मी त्याची गाडी चालवली, मला जाणवलं. दुसरं म्हणजे स्टेअरिंगचा डॅम्पर दोन्हीकडं सारखाच कडक पाहिजे. सस्पेन्शनच्या शॉकअपचं तसं नसतं, तो दाबताना नरम आणि उघडताना कडक ठेवतात. जुना मागचा शॉकअप आडवा टाकून पैसे वाचवायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल (माझ्या होता, मामूच्याही), तर तो एवढ्यासाठी सोडा: डावीकडं एक आणि उजवीकडं दुसरं स्टेअरिंग होईल.

बसवताना चाकं सरळ ठेवून रॉड बरोबर मध्यावर आला पाहिजे. मग दोन्ही लॉकपर्यंत (चाक जास्तीत जास्त वळतं तिथपर्यंत) फिरवून बघायचं, कुठंही डॅम्पर संपता कामा नये. लॉकला चाक थांबवायचं काम हाऊसिंगवरच्या स्टॉपर बोल्टचं आहे, डॅम्परचं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं सगळी कथा इथूनच सुरू होते.

पहिल्या काही आठवड्यांनी मी मोबाइलमध्ये एक टिपण करून ठेवलं होतं, ते तसंच देतो: "पैसा वसूल. शहागडचा पूल ऐंशीनं काढला, स्टेअरिंग हललंसुद्धा नाही. वळून झाल्यावर स्टेअरिंग सरळ यायला थोडं आळसावतं, तेवढं हातानं आणावं लागतं. हळू स्पीडला जडपणा वाटत नाही. सगळ्यांनी लावावा."

यातलं शेवटचं वाक्य आता रद्द समजा.

झालं असं की बसस्टँडसमोर मी एका घासात यू-टर्न घेतो, कायमची सवय. एक दिवस गाडी वळेना. उजवीकडं ठीक, डावीकडं स्टेअरिंग अर्धा फेरा आधीच ठक्कन थांबायला लागलं. मधे अडकलो, दोन्हीकडून हॉर्न, रसवंतीवाल्याचे सल्ले. घरी येऊन खाली शिरलो. मामूनं बसवताना क्लॅम्पच्या कडेला टायरॉडवर पांढऱ्या पेंटची रेघ मारली होती. क्लॅम्प त्या रेघेपासून दोन बोटं सरकलेला. जिथून सरकला तिथला रंग निघून लोखंडाची चकचकीत पट्टी उघडी पडलेली, आणि क्लॅम्पखालून रबराची एक चिंधी लोंबत होती.

ती चिंधी म्हणजेच सगळा रोग. किटमध्ये यू-बोल्ट आणि पत्र्याची वाकवलेली प्लेट येते. सगळ्या गाड्यांना चालावी म्हणून यू-बोल्टचा गोल मोठा ठेवलाय, आणि टायरॉड बारीक असेल तर मधे घालायला रबराची पट्टी दिलीय. म्हणजे यू-बोल्ट टायरॉडला सगळीकडून धरतच नाही, एका रेघेवर टेकतो. बाकीचं काम रबरानं करायचं. रबर उन्हानं आणि दाबानं बसतं, बसलं की नट आपोआप ढिला, नट ढिला की क्लॅम्प सरकला, क्लॅम्प सरकला की डॅम्परचा मध्य हुकला. मग एका बाजूला चाक स्टॉपरला लागायच्या आधीच डॅम्पर संपतो आणि लॉकचा सगळा दणका त्याच्यावर. कच्च्या रस्त्यावर पूर्ण लॉकमध्ये दगडावर चाक चढलं असतं तर ब्रॅकेट तुटलं असतं नाहीतर टायरॉड वाकला असता.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर: फिटिंग बरोबर नसेल. पेंटच्या रेघेचा फोटो पाठवला. दुसरं उत्तर: टॉर्क रेंचनं कसलं होतं का? मी विचारलं, किती टॉर्कला कसायचं ते किटच्या कागदावर कुठं लिहिलंय? त्यावर शांतता. मग तिसऱ्या माणसाचा फोन, फार गोड आवाज, "सर, वॉरंटी डॅम्परची आहे, फिटिंग किट वॉरंटीत येत नाही." म्हणजे जो तुकडा सरकतो तो सोडून सगळ्याची वॉरंटी. डॅम्पर गळला नाही, वाकला नाही, त्यांच्या कागदावर मी समाधानी गिऱ्हाईक. शेवटी म्हणाले, नवा क्लॅम्प साडेतीनशे रुपयांत पाठवतो. तोच पत्रा, तोच यू-बोल्ट, तेच रबर. साडेतीनशे रुपयांत आमच्याकडं दोघांचं मटणाचं ताट येतं, आणि ते निदान जागेवर राहतं.

मामूचा उपाय एका मिनिटाचा होता: टायरॉडला दोन टाके वेल्डिंग. इथं मात्र मी त्याचं ऐकलं नाही. टायरॉडला उष्णता दिली की टाक्याशेजारचं लोखंड ठिसूळ होऊ शकतं, आणि तो तुटला तर पुढची दोन चाकं दोन दिशांना. मामू रुसला. एक चहा आणि बिस्किटांचा पुडा असा समेट झाला.

जालन्याच्या एमआयडीसीत एका लेथवाल्यानं काम केलं. भरीव बारमधून दोन अर्धे भाग, आतला गोल टायरॉडच्या मापाचा. दोन्ही भाग एकमेकांना टेकू नयेत म्हणून मधे थोडी फट ठेवली, म्हणजे बोल्ट कसले की पकड लोखंडाची लोखंडावर येते, रबर कुठंच नाही. आठ पॉइंट आठ ग्रेडचे चार बोल्ट, नायलॉक (आपोआप ढिले न होणारे) नट. मजुरीसकट नऊशे रुपये. साडेचार हजारांच्या डॅम्परवर नऊशेचा क्लॅम्प, हे मनाला पटायला वेळ लागला. पण त्या दिवसापासून पांढरी रेघ जागची हललेली नाही. गाडीखाली शिरलो की मी आधी तीच बघतो, ऑइल लीक नंतर.

क्लॅम्प होऊन येईपर्यंत डॅम्पर काढून ठेवला होता, आणि याच काळात माझं मत बदललं. डॅम्परशिवाय शहागडचा पूल तसाच ऐंशीनं काढला. काही झालं नाही. परत येतानाही नाही. म्हणजे फडफड गेली ती किंगपिन, टायरॉड एंड आणि बुशांनी. डॅम्परला वर दिलेलं श्रेय काढून घेतो आणि मामूला देतो, त्याला कळवू मात्र नका. ज्यांची गाडी हायवेवर फडफडते त्यांनी डॅम्परवर रुपयाही घालू नये. आधी खेळ काढा. सैल किंगपिनवर डॅम्पर लावला तर फडफड काही दिवस दबते, आतलं झिजणं चालूच राहतं, आणि डॅम्पर दमला की दुप्पट होऊन परत येते.

मग सात मार्क कशाचे? पाणंदीचे, म्हणजे शेतात जायच्या वाटेचे.

आमच्याकडची काळी माती पावसात लोण्यासारखी होते. त्यातून ट्रॅक्टर-ट्रॉली गेली की गुडघ्याएवढ्या चाकोऱ्या पडतात. पाऊस थांबला, दोन कडक ऊन पडले, की त्याच चाकोऱ्या दगड होतात. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात जायचं तर त्यांच्यातूनच. पुढचं चाक चाकोरीच्या कडेवर अर्धवट चढतं आणि घसरून परत आत पडतं, त्या क्षणी स्टेअरिंग हातातून हिसकून फिरतं. अंगठा आरीत असेल तर अंगठ्याचं काही खरं नाही. माझा एकदा असा सुजला की आठवडाभर सातबाऱ्यावर सही नीट येईना. तेव्हापासून अंगठा बाहेर ठेवूनच चालवतो, जुन्या जीपवाल्यांना हे सांगायला नको.

डॅम्परविना आणि डॅम्परसह त्याच पाणंदीनं गेलो. इथं फरक दिवसाढवळ्या दिसतो. तेलाचा डॅम्पर हळू हालचालीला अडवत नाही, झटक्याला अडवतो. आपण सावकाश वळवतो तेव्हा तेल बारीक भोकांतून निवांत जातं. चाकानं हिसका दिला की त्याच भोकांतून तेवढं तेल तेवढ्या वेळात जाऊ शकत नाही, आणि हिसक्याचा नुसता ढकला होतो. स्टेअरिंग फिरतं, पण हाताला सांगून फिरतं. तासाभरानं खांदे दुखत नाहीत. वडील शेजारी बसलेले असतात, ते तर म्हणाले, "आज गाडी शहाण्यासारखी वागतीय." त्यांच्याकडून गाडीचं कौतुक म्हणजे मोठी गोष्ट.

दोन बारीक गोष्टी. मे महिन्यात बेचाळीसच्या पुढं पारा गेला की तेल पातळ होतं आणि डॅम्पर थोडा नरम वाटतो. परभणीकडं डिसेंबरातली थंडी पेपरात येते, तिकडच्यांना सकाळी उलटं, जड वाटेल. आणि चिखल. रॉडवरच्या पत्र्याच्या टोपणात काळी माती जाऊन बसते, वाळली की रॉडला घासते आणि सील खाते. चिखलातून आलं की ओली असतानाच पाण्याचा फवारा मारायचा. उद्यावर टाकलं की छिन्नी लागते.

पासिंगचं विचारणारे असतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, माझं याच दरम्यान झालं. इन्स्पेक्टरनं वाकून टायरॉड हलवून पाहिला, डॅम्परकडं बघितलं, टायरांबद्दल मात्र दोन शब्द सुनावले.

क्लॅम्प करून घ्यायचा असेल तर टायरॉडचं माप टेपनं घेऊ नका. जिथं क्लॅम्प येणार तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरनं काढा, व्हर्नियरनं दोन-तीन ठिकाणी मोजा, कारण जुना टायरॉड सगळीकडं सारखा गोल नसतो. लेथवाल्याला किटचं ब्रॅकेटही सोबत द्या, म्हणजे डॅम्परचा डोळा (बोल्ट जातो ते भोक) पहिल्या उंचीवरच राहील, नाहीतर डॅम्पर तिरका बसून बुश एका बाजूनं खाईल. बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरला परत कसा. रबराची पट्टी फेकून दिली तरी चालेल, मी खिडकीची खडखड थांबवायला लावलीय.