ऊसवाहतुकीवर लोरा ट्रॅकर: एका गळीत हंगामानंतर

करवीर तालुक्यात आमचे सहा ट्रॅक्टर ऊसवाहतुकीला असतात. गेल्या हंगामात त्यांवर लोरा पद्धतीचे, म्हणजे कमी विजेत रेडिओवरून लांबवर छोटे निरोप पाठवणारे, ट्रॅकर बसवले आणि ते निरोप ऐकून इंटरनेटवर टाकणारा आठ चॅनेलचा एक गेटवे ग्रामपंचायतीच्या परवानगीने पाण्याच्या टाकीवर उभा केला. हे ट्रॅकर वापरतात तो 865 ते 867 मेगाहर्ट्झचा रेडिओ पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे गाडीमागे सिमकार्ड आणि रिचार्ज ही कटकट उरली नाही. इंटरनेट लागते ते फक्त गेटवेला.

विक्रेत्याने पंधरा किलोमीटरचा पल्ला सांगितला होता. पंचगंगेकाठच्या सपाट रानातून, जिथून टाकी दिसते तिथून, नऊ किलोमीटरवरूनही निरोप येतात; पण अडीच किलोमीटरवरच्या ओढ्यात गाडी उतरली की ती नकाशावरून नाहीशी होते. पल्ला यंत्रापेक्षा अँटेनाच्या उंचीवर ठरतो. फिटरने चोरीच्या भीतीने ट्रॅकर पत्र्याच्या टूलबॉक्समध्ये बसवले होते, त्यामुळे फडात शिरलेली गाडी हाकेच्या अंतरावर असूनही सापडत नसे. अँटेना टपावर आणल्यावर हा प्रश्न सुटला.

खरी डोकेदुखी मात्र आम्हीच ओढवून घेतली. स्प्रेडिंग फॅक्टर हा आकडा जितका मोठा, तितका निरोप सावकाश पण लांबवर जातो; पल्ला वाढावा म्हणून तो सरसकट 12 ठेवला आणि प्रत्येक निरोपाची गेटवेकडून पोहोचही मागितली. स्थान, वेग आणि बॅटरी मिळून आमचा निरोप जेमतेम 11 बाइटचा आहे. फॅक्टर 7 वर तो 62 मिलिसेकंदांत हवेतून जातो, 12 वर त्यालाच जवळपास दीड सेकंद लागतो. ट्रॅकर आधी कानोसा न घेता बोलतात, म्हणून हा वेळ वाढला की टक्करही वाढते. शिवाय गेटवे पोहोच पाठवत असताना त्याला दुसऱ्याचे काहीच ऐकू येत नाही, आणि पोहोच न मिळालेला ट्रॅकर तोच निरोप पुन्हा पाठवतो. आता फॅक्टर 9, दर दोन मिनिटांनी निरोप आणि पोहोच बंद, असे ठेवले आहे. निरोप पाठवण्याचा वेग आपोआप जुळवणारी सोयही बंद केली, कारण ती एका जागी बसलेल्या उपकरणांसाठी आहे, फिरत्या गाडीसाठी नव्हे.

दोन मिनिटांत मोटारसायकल कुठच्या कुठे जाते, त्यामुळे चोरीवर डोळा ठेवायचा असेल तर सिमकार्डाचाच ट्रॅकर घ्यावा. भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला एवढे पुरते. मला फक्त गाडी फडात आहे, काट्यावर आहे की अजून गाडीतळावरच नंबर धरून उभी आहे, हे कळायला हवे असते. त्यावरून मुकादमाला सकाळी टोळी किती वाजता फडात उतरवायची ते सांगता येते. पूर्वी त्यासाठी रात्री दोनला चालकाला फोन लागायचा. जानेवारीत सवयीने एकदा केलाच, तर तो म्हणाला, "मालक, ठिपका दिसतोय न्हवं? मग झोपा की आता."

बॅटरी कित्येक वर्षे टिकते या जाहिरातीचा आम्हाला उपयोग नाही. जीपीएस ती खातेच, आणि आमचे ट्रॅकर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतात. गेटवेला मात्र इन्व्हर्टर हवाच, कारण टाकीवरची वीज गेली की सहाही गाड्या एकदम आंधळ्या होतात. पुढच्या हंगामाआधी ओढ्यापलीकडे, भावकीतल्या एकाच्या माडीवर दुसरा गेटवे लावणार आहे.