थळला बोट ठरवण्याआधी तिथी बघा

अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात असलेले खांदेरी-उंदेरी हे दोन बेटांवरचे किल्ले एकदा पायाखाली घालायची ही बाबांची फार वर्षांची इच्छा. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला आणि पुढच्याच वर्षी सिद्दीने समोरची उंदेरी बळकावली, हे ते आम्हाला लहानपणापासून सांगत आलेत. अलिबागला मुक्काम होता म्हणून फोनवरून खासगी बोट ठरवली. “फक्त तुमचंच कुटुंब, दोन्ही बेटांवर उतरवणार, नऊ हजार.” सहा हजार आगाऊ पाठवले. खातं भलत्याच नावाचं निघालं, तिथेच मी थांबायला हवं होतं.

सकाळी नऊला थळच्या किनाऱ्यावर गेलो तर बोटीत आधीच सात अनोळखी माणसं. आम्ही सहा. जॅकेटं एकूण आठ, त्यातल्या दोनांचे पट्टे तुटलेले. उंदेरीला लांबूनच वळसा मारून तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणाला, “ओहोटी हाय, खडक उघडे पडलेत, बोट लागनार नाय.” खांदेरीच्या वाटेवर त्याने इंजिन बंद केलं. डिझेल जास्त जातंय, अजून तीन हजार द्या. बोट हेलकावत होती, धाकटी रडायला लागली. बाबांनीच पैसे काढून दिले. खांदेरीवर वीस मिनिटं मिळाली. वेताळाला नमस्कार केला, तिथला ठोकला की धातूसारखा वाजणारा दगड राहूनच गेला.

परतल्यावर जाळं सांधत बसलेल्या एका मावशींनी विचारलं, आज तिथी कोणती? चतुर्थी. “मग नवाला सुकतीच असनार.” तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सहा तास आधी, नऊला, पूर्ण ओहोटी. उंदेरीला धक्का नाही, पाणी भरल्याशिवाय बोट कडेला लागत नाही. हे थळमधल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. त्याने वेळ दिली तेव्हाच त्याला माहीत होतं की तो आम्हाला उतरवणार नाही. माझा खरा संताप याचाच आहे.

तुम्ही जाणार असाल तर दिनदर्शिका बघून वेळ तुम्ही ठरवा. सागरी मंडळाचा परवाना आणि त्यावरची प्रवासीसंख्या बघितल्याशिवाय पाऊल बोटीत टाकू नका. निम्मे पैसे परतल्यावरच द्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर फोन करा, मी दोन दिवस वाया घालवले.

त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. उंदेरी त्यांनी बोटीच्या कडेला हात धरून, लांबूनच पाहिली.